सिनेटला उभं राहायचंय? आधी जव्हारची यादी काढा

मुंबई विद्यापीठाच्या सिनेटवर, म्हणजे अधिसभेवर, पालघरच्या ग्रामीण आणि आदिवासी भागातल्या पदवीधरांचा, संशोधकांचा, महाविद्यालयीन शिक्षकांचा आवाज जावा, असं विरारमध्ये अनेकांना वाटतं. निवडणूक जवळ आली की 'आपल्याकडून कुणीतरी उभं राहायला हवं' हे वाक्य महाविद्यालयांच्या स्टाफरूममध्ये, माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर आणि सकाळच्या चर्चगेट लोकलमध्ये हमखास ऐकू येतं. असं कुणीतरी व्हायची ज्यांची तयारी आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. उमेदवार पीएच.डी. करणारी असेल, सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवणारा असेल, कायम प्राध्यापक असेल किंवा पदवी घेऊन वेगळ्याच कामाला लागलेली व्यक्ती असेल. मागास भागातल्या विद्वानांचा प्रतिनिधी म्हणून मत मागायचं, तर काय काय करावं लागतं, ते इथे सांगतो.

सुरुवात एका अडचणीच्या प्रश्नाने करू, कारण प्रचारात तो कुणीतरी विचारणारच. विरारचा माणूस मोखाड्याचा प्रतिनिधी कसा?

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. त्यात आठ तालुके आहेत : वसई, पालघर, डहाणू, तलासरी, वाडा, विक्रमगड, जव्हार आणि मोखाडा. २०११च्या जनगणनेत या भागाची लोकसंख्या सुमारे ३० लाख होती आणि त्यातले १२ लाखांहून अधिक एकट्या वसई-विरार महापालिकेच्या हद्दीत राहत होते. महाविद्यालयं, क्लास, ग्रंथालयं, लोकल, इंटरनेट यांचा मोठा वाटाही याच पट्ट्यात आहे. चर्चगेटहून बघितलं तर विरार हे शेवटचं टोक. जव्हारहून बघितलं तर विरार म्हणजे मुंबईच. जव्हार-मोखाड्याला रेल्वे नाही. उपनगरी गाडी एप्रिल २०१३मध्ये डहाणूपर्यंत गेली, पण डोंगरातल्या तालुक्यांना त्यानंतरही एस.टी. किंवा जीपच पकडावी लागते. त्यामुळे 'आम्ही उपेक्षित' असं विरारकर म्हणतात तेव्हा ते खोटं नसतं, मात्र आपल्याहून उपेक्षित कोण, याचा त्यांना सोयीने विसर पडतो.

हे फक्त आपल्याकडे घडतं असं नाही. विकसनशील देशांतल्या शास्त्रज्ञांना व्यासपीठ मिळावं म्हणून पाकिस्तानी भौतिकशास्त्रज्ञ अब्दुस सलाम यांच्या पुढाकाराने १९८३मध्ये इटलीतल्या त्रिएस्ते इथे एक अकादमी स्थापन झाली. आज ती 'ट्वास' या नावाने ओळखली जाते. आपले सी. एन. आर. राव तिचे अध्यक्ष होते. भारत, चीन, ब्राझील हे विकसनशील देशांतले मोठे भाऊ. त्यांच्याकडे प्रयोगशाळा होत्या, माणसं होती, साहजिकच पदंही आली. पुढे त्याच अकादमीला विज्ञान-तंत्रज्ञानात मागे पडलेल्या ६६ देशांची वेगळी यादी करावी लागली आणि काही योजना खास त्यांच्यासाठी ठेवाव्या लागल्या. भारत त्या यादीत नाही. मागास भागाचा प्रतिनिधी बहुतेक वेळा त्या भागातल्या पुढारलेल्या कोपऱ्यातूनच येतो. विरारच्या उमेदवाराने हे मान्य करून कामाला लागावं. लपवायला गेलात तर जव्हारचा पदवीधर दोन मिनिटांत ओळखेल.

आता दार कुठलं ते ठरवू. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार सिनेटवर निवडून जाण्याचे गट वेगवेगळे आहेत. नोंदणीकृत पदवीधरांतून १०, महाविद्यालयांच्या प्राचार्यांतून १०, महाविद्यालयीन शिक्षकांतून १०, विद्यापीठाच्या विभागांतल्या शिक्षकांतून ३ आणि संस्थाचालकांतून ६. दहाच्या गटांत अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त जाती-भटक्या जमाती, इतर मागास वर्ग आणि महिला यांना प्रत्येकी एक जागा राखीव असते. उरतात त्या पाच खुल्या. संशोधक विद्यार्थ्यांसाठी वेगळी निवडून येणारी जागा सिनेटवर नाही. म्हणून पीएच.डी. करणाऱ्यांना बहुधा पदवीधरांच्याच दारातून जावं लागतं. तुम्ही मान्यताप्राप्त शिक्षक असाल, तर शिक्षक मतदारसंघाचाही विचार करा. तिथे सेवेची अट असते आणि संघटनांची पकड मोठी आहे. बुक्टू, मुक्ता यांच्यासारख्या संघटना तिथे वर्षानुवर्षं काम करतात. सीएचबीवरच्या माणसाने कुठल्या यादीत आपलं नाव बसतं हे अधिसूचना वाचून आधी खात्री करून घ्यावी. छाननीत अर्ज बाद होणं हा फार महाग धडा असतो.

राखीव जागेबाबत एक गैरसमज आपल्या जिल्ह्यात घट्ट आहे. अनुसूचित जमातीची जागा आहे म्हणजे पालघरच्या आदिवासींचा माणूस सिनेटवर गेलाच, असं अनेकजण धरून चालतात. तसं नसतं. त्या जागेचा उमेदवार अनुसूचित जमातीचा असतो, मतदार मात्र सातही जिल्ह्यांतले सगळे : मुंबई शहर, मुंबई उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. दादरचा मतदार ती जागा ठरवू शकतो. वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी पदवीधरांच्या मनातला माणूस निवडून यायचा, तर तेच पदवीधर यादीत मोठ्या संख्येने हवेत. राखीव जागेवर उभं राहायचं असेल तर जातीचा दाखला आणि जातवैधता यांची कागदपत्रं निवडणुकीच्या कितीतरी आधी जमवून ठेवा. तपासणी समितीपुढचं प्रकरण तुमच्या अर्जाच्या शेवटच्या तारखेसाठी थांबत नसतं.

आता हिशोब. बहुतेक उमेदवार भाषणं आधी लिहितात आणि हिशोब मागाहून करतात. उलट करा.

२०१८च्या पदवीधर निवडणुकीच्या यादीत ६२ हजारांवर मतदार होते. २०२३मध्ये नव्या निवडणुकीसाठी ९० हजारांहून अधिक नावांची यादी झाली. दुबार नावांच्या तक्रारी आल्या आणि ऑगस्टमध्ये, कार्यक्रम जाहीर झाल्यावर काही दिवसांतच, निवडणूक स्थगित झाली. पुन्हा नोंदणी झाली. अखेर सप्टेंबर २०२४मध्ये निवडणूक आली तेव्हा यादीत १३,४०६ नावं उरली होती. मतदान २२ सप्टेंबरला व्हायचं होतं, तेही दोन दिवस आधी थांबवलं गेलं आणि उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २४ सप्टेंबरला झालं. निम्म्याहून थोड्या अधिक मतदारांनी मत दिलं. २०१८प्रमाणेच दहाच्या दहा जागा युवासेनेने जिंकल्या.

सात जिल्हे, लाखो पदवीधर, आणि यादी तेरा हजारांची. याला उदासीनता म्हणायची की नोंदणीच्या जाचाला आलेला कंटाळा, यावर वाद घालता येईल. उमेदवाराच्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. इतक्या लहान यादीत एका भागाने ठरवलं तर तो भाग आपला माणूस पाठवू शकतो.

कसा, ते पाहा. मतदान पसंतीक्रमाने होतं. मतदार नावापुढे १, २, ३ असे आकडे लिहितो. जिंकायला लागणाऱ्या मतांना कोटा म्हणतात आणि तो काढायची रीत सोपी आहे : वैध मतांना जागांपेक्षा एकने जास्त संख्येने भागायचं आणि उत्तरात एक मिळवायचा. समजा वैध मतं साडेसहा हजार आणि खुल्या जागा पाच. साडेसहा हजार भागिले सहा, म्हणजे १,०८३, अधिक एक. म्हणजे १,०८४ मतांचा उमेदवार निवडून आला. पालघर जिल्ह्यातून तीन हजार पदवीधर नोंदवले, त्यातल्या निम्म्यांनी मत दिलं आणि त्यातल्या तीन चतुर्थांशांनी तुम्हाला पहिली पसंती दिली, तर ही संख्या ओलांडते. यादी वाढली तर कोटाही वाढेल, हे विसरू नका. तीस हजार वैध मतं पडली तर पाच हजारांवर पसंत्या लागतील. राखीव जागेचा हिशोब कठीण, कारण जागा एकच : एकूण वैध मतांच्या निम्म्याहून अधिक मतं पसंत्या हस्तांतरित होता होता मिळवावी लागतात. एखाद्या भागाच्या बळावर खुली जागा मिळू शकते, राखीव जागा सहसा मिळत नाही. उमेदवार आदिवासी असला तरी खुल्या जागेचा विचार का करू नये, असं मला राहून राहून वाटतं. कायदा कुठे आडवा येत नाही.

म्हणून पहिलं काम मतदार नोंदणीचं. निवडणूक जाहीर झाल्यावर जागे होणाऱ्याला ते जमत नाही, कारण नोंदणीची मुदत तोपर्यंत संपलेली असते. मागची यादी मिळवा आणि ती पत्त्यांप्रमाणे तालुक्यांत विभागा. यादीवरून पत्ते कळत नसतील तर माहिती अधिकारात तालुकावार आकडे मागा. एका कागदावर आठ ओळी काढा, प्रत्येक तालुक्यापुढे नोंदवलेल्या पदवीधरांची संख्या लिहा. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, तलासरी यांच्यापुढे काय आकडा येतो ते बघा. तो आकडा हेच तुमचं पहिलं भाषण.

मग पदवीधर शोधायला निघा. जव्हारला गोखले एज्युकेशन सोसायटीचं महाविद्यालय आहे, तलासरीला कॉम्रेड गोदावरी शामराव परुळेकर महाविद्यालय, पालघरला सोनोपंत दांडेकर महाविद्यालय. इथल्या प्राध्यापकांना आपले जुने विद्यार्थी कुठे आहेत हे ठाऊक असतं. मोखाड्याचे पदवीधर मोखाड्यातच असतील असं मात्र समजू नका. कुणी बोईसरच्या तारापूर एमआयडीसीत सुपरवायझर आहे, कुणी नाशिकला, कुणी विरारमध्येच भाड्याच्या खोलीत राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय. गावात राहिलेले आश्रमशाळेत शिक्षक आहेत, ग्रामसेवक आहेत, आरोग्य खात्यात आहेत, पतपेढीत आहेत. आश्रमशाळा ही तर पदवीधरांची खाण. एका शाळेत गेलात तर पाच-सात जण एका ठिकाणी भेटतात आणि प्रत्येकाच्या नात्यात आणखी दोन निघतात.

वेळेचंही भान ठेवा. जून-जुलैत लावणी असते, माणूस शेतात असतो आणि पावसात डोंगरात नेटवर्कही धड मिळत नाही. दिवाळीनंतर अनेक कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर कामाला बाहेर पडतात. ऑनलाइन अर्ज भरायला स्कॅन केलेलं पदवी प्रमाणपत्र, ओळखपत्र, फोटो लागतात. विरारमध्ये ही दहा मिनिटांची गोष्ट, पण ज्याचं पदवी प्रमाणपत्र दीक्षान्त समारंभानंतर महाविद्यालयातून कधी नेलंच गेलं नाही, त्याच्यासाठी ती दोन दिवसांची खेप असते. लॅपटॉप, मोबाइलचा हॉटस्पॉट आणि दोन चुणचुणीत विद्यार्थी घेऊन तालुक्याच्या गावी जा. आठवडी बाजाराचा दिवस निवडा. फॉर्म तिथेच भरून द्या आणि पावती त्याच माणसाच्या मोबाइलवर पाठवा. कागदपत्रं त्याची, मोबाइल नंबर त्याचा. दुसऱ्याच्या नंबरावर पन्नास अर्ज भरायची युक्ती करू नका. यादीवर आक्षेप आला की असेच अर्ज आधी बाद होतात, आणि झाले तर त्यात तक्रारीला जागा नाही.

प्रारूप यादी लागली की प्रत्येक नाव तपासा. शिरीषचा शिरिश होतो, लग्नानंतरचं आडनाव पदवीवरच्या आडनावाशी जुळत नाही, पत्त्यात तालुकाच चुकतो. हरकती नोंदवण्याची मुदत थोडी असते. स्त्री मतदारांची नावं इथेच सर्वाधिक गळतात, आणि त्याची दखल घ्यायला उमेदवारांना बहुधा वेळ नसतो. एखाद्या संध्याकाळी दोनशे फोन करायची तयारी ठेवा.

यादीच्या जोडीला मतदान केंद्राचं काम. २०२४मध्ये सात जिल्ह्यांत मिळून ३८ केंद्रं होती. मोखाड्याच्या पदवीधराने मत द्यायला कुठवर यायचं, हे ज्या कागदावर ठरतं तो कागद कुलसचिवांच्या कार्यालयात असतो. कुलसचिव हेच निवडणूक निर्णय अधिकारी. तुमच्या नोंदणीचे तालुकावार आकडे जोडून, डोंगरी तालुक्यांत केंद्र हवं अशी लेखी मागणी केंद्रं जाहीर होण्याच्या आधी करा. पोच घ्या. एकट्याने करण्यापेक्षा दोन-तीन प्राचार्यांच्या सह्या असतील तर वजन वाढतं. तोंडी आश्वासनावर परतीची गाडी पकडू नका.

आता जाहीरनामा. इथे बहुतेक जण घसरतात, कारण सिनेट काय करू शकते हे न पाहता आश्वासनं देतात. बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या संशोधन अधिछात्रवृत्ती राज्य सरकारच्या हातात आहेत. नेटची जेआरएफ युजीसीकडे, अनुसूचित जमातीची राष्ट्रीय फेलोशिप केंद्राच्या आदिवासी मंत्रालयाकडे. सिनेटवर जाऊन 'फेलोशिप वेळेवर मिळवून देऊ' असं म्हणणारा उमेदवार मतदाराला अडाणी समजतो. सिनेटला वेगळे आणि चांगले अधिकार आहेत. विद्यापीठाचा अर्थसंकल्प तिच्यापुढे येतो. वार्षिक अहवाल येतो. सदस्य प्रश्न विचारू शकतो, ठराव मांडू शकतो. आणि पालघरच्या दृष्टीने सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे पाच वर्षांचा बृहत आराखडा. कुठल्या तालुक्यात नवं महाविद्यालय, कुठे कुठली शाखा, कुठे कौशल्याचा अभ्यासक्रम, याचा नकाशा त्यात असतो. मोखाड्यात नवी शाखा कधी, हा प्रश्न विचारायची जागा हीच. पदवीधर सदस्य जागा झाला नाही तर आराखड्यातल्या नोंदी संस्थाचालकांच्या सोयीने पडत जातात.

संशोधकांसाठी मागण्या ठरवताना सहा महिने ऐका, मग लिहा. युजीसीच्या २०२२च्या पीएच.डी. नियमांप्रमाणे प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच विद्यार्थी घेता येतात. तुमच्या तालुक्यांत मान्यताप्राप्त मार्गदर्शक किती आणि त्यांच्याकडे मोकळ्या जागा किती, हे मोजा. उत्तर दोन आकड्यांत मावेल. तलासरीच्या मुलीला मार्गदर्शक मुंबईत मिळतो आणि प्रत्येक सहीसाठी तिला विद्यापीठाचं कलिना संकुल गाठावं लागतं. तिच्यासाठी प्रगती अहवालाची बैठक ऑनलाइन घेण्याची सोय, कागदपत्रं जिल्ह्यातच जमा करण्याची व्यवस्था, मौखिक परीक्षा किती दिवसांत होणार याचं बंधन, या मागण्या विद्यापीठाच्या हातातल्या आहेत. त्याच नियमांत स्त्री संशोधकांना २४० दिवसांपर्यंत प्रसूती आणि बालसंगोपन रजा आहे, मुदतीतही दोन वर्षांची जादा सवलत आहे. आपल्या भागातल्या किती मुलींना हे कुणी सांगितलं? ही माहिती एका पानावर मराठीत छापून वाटलीत तरी प्रचार होऊन जाईल, आणि हरलात तरी ते पान कामाला येत राहील.

ग्रंथालयाचा मुद्दाही घ्या. केंद्र सरकारने जानेवारी २०२५पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेत हजारो आंतरराष्ट्रीय नियतकालिकं खुली केली, पण ती केंद्र आणि राज्य सरकारांच्या अखत्यारीतल्या संस्थांसाठी. पालघरमधली बहुतेक महाविद्यालयं खासगी शिक्षणसंस्थांची आहेत. तिथे बसून काम करणाऱ्या, पण विद्यापीठात पीएच.डी.साठी नोंदणी असलेल्या संशोधकाला घरून लॉगिन मिळतो का, मिळत नसेल तर कधी मिळेल, हा सिनेटच्या पहिल्याच बैठकीत विचारण्याजोगा प्रश्न आहे. असे चार-पाच प्रश्न, प्रत्येकाखाली कुणाकडे दाद मागणार त्या अधिकाऱ्याचं पद, बस्स. बारा पानी जाहीरनामा कुणी वाचत नाही.

पॅनेलचा प्रश्न येईलच. २०१८ आणि २०२४ची आकडेवारी पाहता पक्षाच्या पॅनेलशिवाय खुली जागा मिळवणं अवघड आहे, हे सरळ सांगावं लागतं. पॅनेलमध्ये गेलात तर पैसा, बूथवर बसायला माणसं आणि मुंबईतली मतं मिळतात. सोबत मुंबईचा अजेंडाही येतो. तो घ्यायचाच असेल तर डोंगरी तालुक्यांचे तुमचे प्रश्न पॅनेलच्या छापील पत्रकात आधी घालून घ्या, नंतर नाही. अपक्ष राहिलात तर दुसऱ्या पसंतीवर मेहनत घ्या. पॅनेलवाल्यांचा पक्का मतदार तुम्हाला १ लिहिणार नाही, पण 'तुमच्या माणसांनंतर पालघरसाठी मला पुढची पसंती द्या' ही विनंती तो ऐकतो, आणि कोटा पुरा झालेल्या उमेदवाराची जादा मतं खाली वाहतात तेव्हा तीच पसंती उपयोगी पडते. मतदारांना मतपत्रिका नीट समजावून सांगा. बरोबरची खूण करायची नाही, सही करायची नाही, आकडेच लिहायचे. विधानसभेची सवय असलेला माणूस इथे हमखास चुकतो, आणि बाद झालेलं मत मोखाड्याहून एस.टी.ने आलेल्या माणसाचं असेल तर जास्त लागतं.

विरारचा माणूस मोखाड्याचा प्रतिनिधी कसा, या सुरुवातीच्या प्रश्नाकडे परत येऊ. विरारकरांना गोदावरी परुळेकरांचं नाव रस्त्यांवरून, महाविद्यालयावरून माहीत असतं. त्या पुण्याच्या, कायद्याच्या पदवीधर. आदिवासी नव्हत्या, तलासरीच्याही नव्हत्या. २३ मे १९४५ रोजी झरीच्या सभेपासून वारल्यांचा लढा उभा राहिला, तेव्हा त्या पाड्यापाड्यांत पायी फिरत होत्या, लोकांत राहत होत्या. बाहेरून आलेल्या माणसाला इथल्या लोकांनी नेतृत्व दिल्याचं हे आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण. ते उदाहरण प्रचारात वापरू नका मात्र. त्यांच्या तोलाचं काम आपल्यातल्या कुणाचं नाही. त्यांचं फिरणं तेवढं उचला.

सगळी प्रतिनिधित्वाची पदं निवडणुकीतून मिळत नाहीत, हेही ध्यानात असू द्या. विरारजवळच्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो जानेवारी २०२०मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले ते मतदानाने नव्हे. साहित्य महामंडळाने त्याच्या थोडं आधी अध्यक्षपदाची निवडणूक बंद करून सन्मानाने निवड करायचं ठरवलं होतं. आंतरराष्ट्रीय संस्थांतही दोन्ही रीती चालतात. विकसनशील देशांतल्या स्त्री शास्त्रज्ञांची ओडब्ल्यूएसडी ही संघटना त्रिएस्तेमधूनच चालते आणि तिच्या कार्यकारिणीत आशिया-पॅसिफिक, आफ्रिका, अरब देश, लॅटिन अमेरिका अशा विभागांच्या प्रतिनिधी असतात. अनेक विषयांच्या जागतिक परिषदांत विकसनशील देशांसाठी एखादी जागा असते. पालघरमधून तिथे अर्ज करणाऱ्याने, मी कुठली पुस्तकं लिहिली यापेक्षा मी कुणाला माझ्यासोबत सदस्य करून घेतलं, हे आधी सांगावं. सदस्य वाढवणाऱ्या माणसाकडे तिथेही लक्ष जातं. सदस्य व्हायचं शुल्क परवडणारं आहे का, प्रवासाला मदत मिळते का, बैठकांच्या वेळा भारतातून सोयीच्या आहेत का, हे मात्र अर्जाआधी पाहा. पद मिळून बैठकीलाच जाता आलं नाही तर तुमच्या भागाचं नाव फक्त पत्रिकेवर राहतं.

निवडून आलात तर काम लगेच कागदावर आणा. सिनेटच्या बैठका वर्षातून थोड्याच होतात. मार्चच्या सुमारास अर्थसंकल्पाची बैठक येते आणि प्रश्न पाठवायची मुदत त्याच्या बऱ्याच आधी संपते. प्रश्न विरारमध्ये बसून लिहू नका. बैठकीच्या आधी जव्हार किंवा तलासरीच्या महाविद्यालयात एक खुली सभा घ्या, बैठकीनंतर तिथेच जाऊन काय उत्तर मिळालं ते सांगा. सिनेटवरून व्यवस्थापन परिषदेवरही काही सदस्य निवडले जातात. पैशाचे, नेमणुकांचे खरे निर्णय तिथे होतात, म्हणून तिथल्या निवडणुकीकडे पहिल्या दिवसापासून लक्ष ठेवा.

एक शेवटचं आणि काहींना न आवडणारं सांगतो. नोंदणी करून झाली की अर्ज भरण्याआधी त्या आठ ओळींच्या कागदाकडे पुन्हा पाहा. वसई तालुक्यापुढे दोन हजार नावं आणि जव्हार, मोखाडा, विक्रमगड, तलासरी मिळून शंभरही नसतील, तर तुम्ही विरारचे उमेदवार आहात. तसं सांगून उभे राहा, त्यात गैर काही नाही, फक्त मागास भागाचं नाव पत्रकावर छापू नका. आणि नोंदणीसाठी हिंडताना त्या तालुक्यांतलीच एखादी तयार मुलगी, एखादा तयार शिक्षक भेटला असेल, ज्याला लोक तुमच्याआधी ओळखतात, तर त्यालाच उभं करा. अर्जावर सूचक म्हणून सही करायला विरारचा मतदार चालतो.